तुरीची ओळ

मृग तोंडावर आला आहे. घरोघरी बियाण्याच्या थैल्या यायला लागल्या, कृषी केंद्रांपुढे सकाळपासून गर्दी दिसते. म्हणून या वेळच्या भाषणात आम्ही बचत आणि कर्जाचा हिशेब बाजूला ठेवला आहे. आज तुरीबद्दल बोलू.

गेले दोन महिने हिंगणा तालुक्यातल्या गटांच्या बैठकांना जाताना आम्ही एक प्रश्न सोबत नेत होतो. तुमच्या घरी वर्षभराची तूरडाळ घरची असते की विकतची? पूर्वी हा प्रश्न कोणी विचारलाच नसता. शेती असलेल्या घरात डाळ विकत आणणं म्हणजे विहीर असून पाणी मागण्यासारखं होतं. आता मात्र बहुतेक हात ‘विकतची’ला वर गेले. त्यांत चार-पाच एकर कपाशी असलेल्या घरच्या बायाही होत्या. कारण विचारलं तेव्हा एका वयस्क काकूंनी सरळ सांगून टाकलं, “बाई, फवारा मारला त मधली तूर कशी राहील?”

गोष्ट खरी आहे. आपल्याकडे कपाशीच्या सहा-आठ ओळींनंतर तुरीची एक-दोन ओळी टाकायची जुनी रीत. कपाशी विकायची, तूर घरी यायची. कपाशीचा पैसा कुठे गेला हे घरातल्या बाईला कधी कळायचं, कधी नाही, पण तुरीचं पोतं तिच्या डोळ्यांसमोर असायचं. त्यातली दोन पायल्या तूर लेकीच्या घरी जायची, थोडी मजुरीच्या बदल्यात जायची, उरलेलीचं वरण व्हायचं. आता कपाशीत आणि सोयाबीनमध्ये तणनाशक आलं. रुंद पानाचं तण मारणारं औषध तुरीला वेगळं ओळखत नाही. मग गडी माणूस म्हणतो, ती ओळच नको. निंदणाचा खर्च वाचतो हे त्याचं म्हणणं खोटं नाही. आणि आपणही खोटं बोलू नये. निंदण म्हणजे बाईची कंबर. दिवसभर वाकून खुरपं चालवलेल्या बाईला तणनाशक वाईट आहे असं सांगायला आम्हाला जड जातं. पण त्या औषधाबरोबर निंदणाची मजुरी गेली, मधली तूर गेली, बांधावरची चिवळ आणि तरोट्याची भाजीही गेली. एवढं सगळं गेल्याचा हिशेब कोणी मांडला नाही.

म्हण आहे ना, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. तूर अजून बाजारातच आहे, घरात यायची आहे, आणि मार मात्र घरात पडतो आहे. म्हण हसण्यासाठी सांगतात, पण मार कोणाला पडतो ते बघा. २०१५ साली दिवाळीच्या आधी तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली होती, ते दिवस तुम्हाला आठवत असतील. तेव्हा कितीतरी घरांत वरणात पाणी वाढलं, आणि वरण पातळ झालं म्हणून बोलणी बाईनेच खाल्ली. पुढच्याच वर्षी सगळ्यांनी तूर पेरली, पाऊस चांगला झाला, आणि २०१७ मध्ये आपल्याच राज्यात खरेदी केंद्रांबाहेर तुरीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या. त्या हंगामाचा हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५०५० रुपये होता, पण बाजारात त्याच्या खाली तूर विकावी लागली. म्हणजे विकत घेताना महाग, विकताना स्वस्त. व्यापारी हातावर तुरी देतो म्हणतात, ते असं.

म्हणून आमचं म्हणणं अगदी लहान आहे. तुरीचं मोठं शेत करा असं आम्ही सांगत नाही. घरच्या डाळीपुरती तूर घरची असावी. शेतात ओळ टाकता आली तर उत्तम. नाहीतर बांध आहे, विहिरीची कड आहे, घराचं आवार आहे. ज्या घराकडे शेतच नाही, एमआयडीसीत कामाला जाणारी माणसं आहेत, त्यांनाही आवारात दहा झाडं लावता येतात.

किती तूर लागते? पाच माणसांच्या घरात दोन्ही वेळचं मिळून दिवसाला दोनशे ग्रॅम डाळ धरा. वर्षाची सुमारे ७३ किलो. घरी किंवा छोट्या चक्कीवर केली तर एक क्विंटल तुरीतून ६५ ते ७० किलो डाळ पडते. म्हणजे क्विंटलभराच्या थोडी वर तूर झाली की घराचं वर्ष निघतं. पैशाचा हिशेब समजा असा धरला, की तूर आपण ६५०० रुपये क्विंटलने विकली आणि तेवढ्याच तुरीची ६८ किलो डाळ दुकानातून १२० रुपयांनी आणली. ८१६० रुपये झाले. मधले १६६० रुपये गेले, भरडाईचा खर्च त्यातून वजा करा. २०२५-२६ चा हमीभाव ८००० रुपये होता, तेवढा खरंच हातात पडला तर हा फरक जवळजवळ उरतच नाही. तेव्हा तुरीने श्रीमंती येईल असं आम्ही कोणाला सांगणार नाही. फायदा वेगळा आहे. भाद्रपदात, सणाच्या तोंडावर, हातात पैसा नसतो आणि डाळीचा डबा रिकामा असतो, तेव्हा घरात पोतं असणं ही गोष्ट रुपयांत मोजता येत नाही. शिवाय घरची डाळ निर्मळ. वरून रंग नाही, पॉलिश नाही, लाखोळीची भेसळ नाही.

आता झाडाची ओळख करून घेऊ, कारण रोज खातो त्याला आपण नीट पाहत नाही. तूर हे मुळात झुडूप आहे. आपण सहा-आठ महिन्यांत कापतो म्हणून ते पीक वाटतं. राहू दिलं तर खोड लाकडासारखं होतं आणि तीन-चार वर्षं झाड जगतं, डोक्याच्या वर जातं. फूल पिवळं, फुलपाखरासारखं, पाठीवर कधी तांबड्या रेषा. चिंच, हरभरा, पळस, गोकर्ण ही सगळी त्याची भाऊबंद. तुरीचं माहेर भारतच. तिची रानटी बहीण आजही बस्तर आणि ओडिशाच्या जंगलात सापडते, म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही. इथून ती आफ्रिकेत गेली, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर अमेरिकेकडच्या बेटांवर पोचली. बार्बाडोस बेटावर गोरे लोक ती कबुतरांना घालायचे, म्हणून इंग्रजीत तिला कबुतरांचा वाटाणा असं नाव पडलं. पोर्टो रिको नावाचं बेट आहे, तिथे नाताळाच्या सणाला हिरव्या तुरीचा भात हवाच असतो. आपला सोलेभातच तो. थंडीही तीच, दाणेही तेच.

जमिनीखाली तुरीचं काम आणखी मोठं आहे. सोटमूळ खोल जातं, सहा फुटांपर्यंतही. वरची काळी माती भेगाळली तरी खालची ओल तिला मिळते, म्हणून पावसाने मध्येच ओढ दिली तर सोयाबीन माना टाकतं आणि तूर उभी राहते. मुळांवरच्या गाठींत जिवाणू असतात, ते हवेतलं नत्र जमिनीत आणतात. कोवळं रोप हळूच उपटून गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसली तर जिवाणू कामावर आहेत. पिकतापिकता पानं गळून खाली पडतात त्याचंही खत होतं. जुनी माणसं म्हणायची की तुरीच्या ओळीवर पुढच्या वर्षी ज्वारी काळीशार येते, त्याचं कारण हे.

बियाणं कोणतं घ्यावं? हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेचं आयसीपीएल ८७११९, ज्याला आशा म्हणतात, ते लाल दाण्याचं वाण मर आणि वांझ या दोन्ही रोगांना टिकतं, पण सहा महिन्यांच्या वर घेतं. भारी जमीन आणि ओल टिकणारी जागा असेल तर ते चांगलं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं पीकेव्ही तारा हेही लाल दाण्याचं, सहा महिन्यांच्या आसपासचं. बदनापूरचं बीडीएन ७११ पांढऱ्या दाण्याचं, पाच-सव्वापाच महिन्यांत येतं. हलकी, मुरमाड जमीन असेल, दिवाळीनंतर ओल राहत नसेल, तर आम्ही बीडीएन ७११ सांगतो. हिंगण्याच्या बऱ्याच टेकाडांवर बरडच आहे, तिथे उशिराचं वाण फुलावर येतं आणि ओल संपते. दुकानदार आग्रह करतो म्हणून घेऊ नका. थैलीवरची उगवणशक्ती आणि मुदत वाचा, बिल घ्या आणि ते डाळीच्या डब्यात का होईना, जपून ठेवा.

घरचं बियाणं असेल तर एक लक्षात ठेवा. तुरीच्या फुलावर मधमाश्या येतात आणि शेजारच्या शेतातलं पराग आणतात, त्यामुळे बियाणं हळूहळू मिसळतं. बियाण्यासाठी शेताच्या मधली, निरोगी झाडं निवडा, कडेची नको. आणि तीन वर्षांनी एकदा नवीन बी आणा. पेरायच्या आठवडाभर आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. पाच-सहा दिवसांनी उघडून मोजा. सत्तरच्या खाली उगवले तर बी जास्त टाकावं लागेल किंवा बदलावं लागेल. याला खर्च काही नाही, घरातली लेकरंही मोजू शकतात.

पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा लावा, किलोला पाच ते दहा ग्रॅम. त्यानंतर रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारं पीएसबी, प्रत्येकी २५० ग्रॅमचं पाकीट दहा किलो बियाण्याला, गुळाच्या थंड पाण्यात कालवून. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. उन्हात ठेवलं तर जिवाणू मरतात. नुसती तूर पेरायची तर एकरी पाच-सहा किलो बी लागतं. खत म्हणून एकरी डीएपीची एक थैली पेरणीच्या वेळीच द्या. युरिया वरून देत बसू नका, नत्र ती स्वतः कमावते. बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळून टाका. ज्वारीचं ताट उंच वाढतं, कणसावर पाखरं येतात आणि तुरीवरच्या अळ्याही टिपतात. हे कृषी विद्यापीठंही सांगतात, आणि जुन्या बायाही करायच्या.

पहिल्या सरीला घाई नको. जमीन चांगली वीतभर ओली झाली, ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस पडला की पेरा, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत आटपा. तूर दिवस लहान होऊ लागले की फुलावर येते. उशिरा पेरली तरी ती फुलायची वेळ फारशी पुढे ढकलत नाही, त्यामुळे झाड लहान राहतं आणि शेंगा कमी लागतात. बांधावर किंवा आवारात लावताना तीन-तीन फुटांवर आळं करा, टोपलंभर कुजलेलं शेणखत घाला, दोन इंच खोल दोन-तीन दाणे टोचा. पंधरा दिवसांनी जोमदार एक ठेवून बाकीची काढा. काढताना जीव तुटतो, पण काढा. दाटीत झाड नुसतं उंच जातं. पाणी साचेल अशी जागा कधीच देऊ नका. तूर तहान सोसते, पण पाय ओले राहिलेले तिला सोसत नाहीत. शेतात ओळ असेल तर तिच्या कडेने सरी ओढून ठेवा.

तूर बालपणी फार हळू वाढते. पहिले दोन महिने तण तिला गाठतं, तेवढ्या काळात दोन निंदण आणि एक-दोन डवरणी झाल्याच पाहिजेत. नंतर ती सावली धरते आणि तणाला स्वतःच दाबते.

आणि मग शेंडे खुडणं. हे काम आम्हाला सगळ्यात आवडतं. पेरणीनंतर ४५ ते ५० दिवसांनी, झाड मांडीएवढं असताना, शेंड्याची दोन इंच कोवळी पालवी खुडून टाकायची. बस. शेंडा गेला की बाजूच्या फांद्या फुटतात, झाड पसरट होतं, शेंगा लागायला जागा वाढते. चहाच्या मळ्यातल्या बाया जसं पान खुडतात तसं दोन बोटांनी. खुडलेला पाला बकऱ्या आवडीने खातात. फुलकळ्या दिसायला लागल्यावर मात्र शेंड्याला हात लावू नका.

रोगांत दोन ओळखून ठेवा. चांगलं हिरवं झाड अचानक माना टाकून वाळायला लागलं, खोडावर खालून वर जांभळट पट्टा दिसला, खोड चिरल्यावर आत काळ्या-तपकिरी रेषा दिसल्या, तर तो मर. त्याची बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते. झाड मुळासकट उपटून जाळा आणि पुढची तीन वर्षं त्या जागी तूर लावू नका. दुसरा वांझ रोग. झाड झुपकेदार, पानं लहान आणि फिक्कट, फूल नाही, शेंग नाही. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यांमुळे पसरतो, तेव्हा तेही झाड उपटा. म्हणूनच आवारातली तूर दोन-तीन वर्षं तशीच ठेवायचा मोह आवरा. जुन्या झाडावर हे कोळी उन्हाळा काढतात आणि पावसाळ्यात नव्या रोपांवर उतरतात. या दोन्हींचं नाव रोगांच्या यादीत येतं, पण ‘वांझ’ हा शब्द आमच्या बैठकीत उच्चारला की दोन-चार माना खाली जातात. कोणी दुसरं नाव सुचवलं तर आम्हाला आवडेल.

फुलावर आल्यावर खरी परीक्षा. तुरीची बहुतेक फुलं गळूनच जातात, शेंग थोड्यांचीच होते. हा तिचा स्वभाव आहे, घाबरून दुकानात धावू नका. ढगाळ दिवस आले, धुकं पडलं की गळ वाढते आणि घाटेअळीही वाढते. विहिरीचं पाणी असेल तर एक पाणी फुलोऱ्यात आणि एक दाणे भरताना द्या. एवढ्यावर उत्पन्नात मोठा फरक पडतो.

घाटेअळीचा पतंग कळीवर, फुलावर अंडी घालतो, नंतर अळी शेंगेत डोकं खुपसून दाणे खाते. तिच्यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे झाड हलवणं. सकाळी झाडाखाली जुनी ताडपत्री किंवा लुगडं अंथरा आणि झाड गदागदा हलवा. अळ्या टपाटप खाली पडतात. आमच्या कोंबडीपालन करणाऱ्या गटांना हे सांगावं लागत नाही, त्या स्वतःच घमेलं घेऊन जातात. शेतात एकरी वीसेक ठिकाणी टी आकाराच्या काड्या रोवा, कोतवाल आणि साळुंक्या त्यावर बसून अळ्या टिपतात. कामगंध सापळे एकरी दोन लावले तर पतंग किती आले ते कळतं.

निंबोळ्या आत्तापासून गोळा करा. जूनमध्ये कडुनिंबाखाली सडा पडतो आणि आपण तो तुडवत जातो. वाळवून, सावलीत साठवून ठेवा. फवारणीच्या आदल्या रात्री पाच किलो कुटलेली निंबोळी दहा लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घाला आणि शंभर लिटर पाणी करा. आवारातल्या दहा-वीस झाडांसाठी अर्धा किलो निंबोळी आणि दहा लिटर पाणी पुरतं. निम्मी झाडं फुलावर आली की संध्याकाळी फवारा. ऊन उतरल्यावर, कारण उन्हात त्याची शक्ती लवकर जाते आणि दिवसा मधमाश्या फुलावर असतात.

एवढं करूनही प्रत्येक झाडावर अळी दिसत असेल तर रासायनिक औषधाची वेळ येते. तिथे आम्ही जरा थांबून बोलतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर दगावले. आपल्याच विदर्भातला जिल्हा, आपल्यासारखीच शेतं. दोन-तीन औषधं एकत्र मिसळून मारू नका. वाऱ्याच्या विरुद्ध उभं राहू नका. फवारणाऱ्याने हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे घालावेत, मध्येच तंबाखू मळू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने औषध कालवायलाही जाऊ नये, पाणी आणून द्यायलाही नको. आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते म्हणजे फवारणीचे कपडे. ते धुते कोण? आपणच. बाकीच्या कपड्यांत टाकून, उघड्या हाताने. ते कपडे वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून धुवा, ते पाणी विहिरीपासून आणि गोठ्यापासून लांब टाका. रिकाम्या डब्यात तेल, मीठ, पाणी काहीही ठेवू नका, डबा चेपून, भोक पाडून टाका. कोणाला मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडातून लाळ, घाम असं झालं तर घरी लिंबूपाणी देत बसू नका. औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. चिठ्ठी पाहिल्यावर डॉक्टरला उपचार ठरवता येतो.

रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी आमच्याकडे पक्का उपाय नाही. जंगलालगतच्या गावांतल्या बाया सांगतात की दाणे भरायला लागले की रात्री जागल करावीच लागते. तुम्ही एकट्या जागलीला जाऊ नका. तिथे आवारातली तूर बरी, ती कुत्र्याच्या भुंकण्याच्या टप्प्यात असते.

डिसेंबर-जानेवारीत हिरव्या शेंगा तोडायच्या. घरची तूर असण्याचं खरं सुख हे. शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून ओसरीवर बसून खायच्या, सोले-वांग्याची भाजी, सोले वाटून केलेली झणझणीत आमटी, सोलेभात. नागपूरच्या बाजारात या दिवसांत हिरव्या शेंगांना चांगला भाव असतो, दहा-पंधरा किलो शेंगा गटाने एकत्र नेल्या तर एकीचा दिवस मोडतो, सगळ्यांचा नाही. पण सगळ्या विकू नका, पोरींना खाऊ घाला. वाळलेल्या डाळीत शंभर ग्रॅममागे साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. हिरव्या दाण्यात प्रथिनं कमी, पण क जीवनसत्त्व असतं, ते वाळलेल्या डाळीत उरत नाही. आणि भाताबरोबर वरण खायचं कारण आहे. भातात जे कमी ते डाळीत आहे, डाळीत जे कमी ते भातात.

पाऊण भाग शेंगा वाळून तपकिरी झाल्या की झाड कापा, पेंढ्या उभ्या करून आठवडाभर सुकवा, मग बडवा. शेंगेचा आणि पाल्याचा भुसा म्हणजे कुटार, ते जनावरांना. तुराट्या चुलीला, वेलांना मांडव करायला, कुडाच्या भिंतीला, बारीक काड्यांचा अंगणाचा खराटा. दाणा दाताखाली कडकन फुटला तर वाळला समजा. भुंगा अख्ख्या तुरीला लागतो, भरडलेल्या डाळीला तो सहसा लागत नाही, म्हणून बियाण्यापुरती तूर ठेवून बाकीची उन्हाळ्यातच भरडून घ्या. राहिलेली कडक उन्हात तापवून, थंड करून, घट्ट झाकणाच्या डब्यात राख मिसळून ठेवा.

भरडायच्या आधी तुरीला तेलाचा हात लावायचा, क्विंटलला पाव ते अर्धा किलो. रात्रभर ढीग झाकून ठेवायचा, दोन-तीन दिवस उन्हात घालायचं. मग पाण्याचा हबका मारून पुन्हा रात्रभर झाकायचं आणि पुन्हा ऊन द्यायचं. घाई केली तर साल सुटत नाही आणि चुनी जास्त पडते. घरी दोन-चार पायल्या असतील तर जातं आहेच. जास्त असेल तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल आहे, विदर्भात बऱ्याच बचत गटांनी ती घेतली आहे. ती घेण्याआधी आसपासच्या गावांत मिळून किती क्विंटल तूर भरडायला येईल ते मोजा. तूर नसेल तर यंत्र अंगणात उभं राहतं आणि हप्ता चालूच राहतो. चुनी आणि टरफल गाईला घाला, ती दूध देऊन परत करते.

आमच्या गटांनी या वर्षी ठरवलं आहे, की प्रत्येक सभासदाने निदान वीस झाडं लावायची, शेत असो वा नसो. शेतात ओळ टाकायची तर त्या ओळीच्या दोन्ही बाजूंना चार हात तणनाशक मारायचं नाही, हे घरात आत्ताच, पेरणीच्या आधी बोलून घ्या. पंप पाठीवर चढल्यावर कोणी ऐकत नाही. बियाणं एकत्र आणणार आहोत. बीडीएन ७११ की पीकेव्ही तारा ते आपली जमीन बघून सांगा आणि या आठवड्याच्या बैठकीत गटाच्या सचिवाकडे नाव द्या. येताना घरचं जुनं बी असेल तर शंभर दाणे आणि ओलं गोणपाट घेऊन या, उगवण आपण तिथेच लावू.